शाळा व्यवस्थापन समितीला तिचा स्वतःचा लेखनिक द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. शिक्षण आयुक्त, पुणे

विषय: शाळा व्यवस्थापन समितीच्या सचिवपदाचं काम मुख्याध्यापकांकडून काढून स्वतंत्र लेखनिकाकडे देण्याबाबत.

महोदय,

एका अनुदानित हायस्कूलच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. पगारबिलं, सेवापुस्तकं, जनरल रजिस्टर, दाखले, आवक-जावक, ऑडिटच्या शेऱ्यांची पूर्तता हे माझं काम. निवृत्तीनंतर गावच्या जिल्हा परिषद शाळेनं मला शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. तिथं बसू लागल्यापासून एक गोष्ट मला सारखी खटकते आहे, आणि ती आपल्याच अखत्यारीतली आहे.

शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायला कायद्यानं समिती नेमली. पण त्या समितीची सभा बोलावणं, विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, दफ्तर सांभाळणं ही सगळी कामं मुख्याध्यापकांकडे दिली. म्हणजे ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं, तेच लक्ष ठेवणाऱ्यांचे सचिव. त्यातून समितीचंही नुकसान होतं आणि मुख्याध्यापकांचंही. समितीला तिचा स्वतःचा लेखनिक द्यावा, एवढी एकच मागणी घेऊन मी लिहितो आहे.

आपल्याला कायदा सांगायची गरज नाही, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकीच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. पुढचं कलम 22 सांगतं की समितीनं केलेला आराखडा हाच शासनाच्या अनुदानाचा आधार असेल. आपल्या राज्यानं जून 2010 मध्ये शासन निर्णय काढून 12 ते 16 जणांची समिती ठरवली, अध्यक्ष पालकांमधून निवडायचा असं सांगितलं आणि मुख्याध्यापकांना पदसिद्ध सचिव केलं. केंद्राच्या नमुना नियमांत महिन्यातून किमान एक सभा आणि लोकांना पाहता येईल असं इतिवृत्त, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत.

2012 च्या दुरुस्तीनं अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांतल्या समित्या फक्त सल्ला देण्यापुरत्या उरल्या. तो वेगळा विषय आहे, त्यावर इथे लिहीत नाही. जिथं समितीला खरे अधिकार आहेत त्या जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांबद्दलच मी बोलतो आहे. या शाळांत येणारी मुलं शेतमजुरांची, ऊसतोडणी कामगारांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आहेत. त्यांच्या आईबापांना शासनाच्या एखाद्या संस्थेत बसून प्रश्न विचारायचा हक्क मिळाला आहे, तो अशा थोड्याच ठिकाणी.

हा हक्क कागदावर कसा उतरतो ते सांगतो. आमच्या समितीची सभा चौथीच्या वर्गात भरते. एका सभेत एक आई उभी राहिली. तिची मुलगी तिसरीत. ती म्हणाली, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, पोरी दोघी-दोघी जातात, एक आत आणि एक बाहेर दार धरून. मधल्या सुट्टीत मुलगे मुद्दाम दार ढकलतात, म्हणून माझी पोरगी सकाळपासून पाणीच पीत नाही. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. मग मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, खरंय ताई, करून घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. त्यात लिहिलं होतं: "शाळेच्या भौतिक सुविधांबाबत सविस्तर चर्चा झाली. ठराव सर्वानुमते मंजूर." त्या आईनं विचारलं, "माझं कडीचं कुठाय यात?"

यात बाईंची काही लपवाछपवी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगेन. त्या प्रभारी आहेत, दोन वर्ग त्यांच्याच अंगावर आहेत. सभा चालू असताना पोषण आहाराची माहिती भरायला फोन आला होता, म्हणून त्या दहा मिनिटं बाहेर होत्या. इतिवृत्त रात्री घरी बसून लिहिलं. आठवेल तसं, आणि मागच्या महिन्याचं पाहून. असं लिहिणाऱ्याच्या हातून "सविस्तर चर्चा झाली" हेच उतरणार. पण कागदावर कडी आली नाही, म्हणून ती कोण बसवणार हे ठरलं नाही, कधीपर्यंत हे ठरलं नाही आणि पैसे कुठल्या शीर्षातून हेही ठरलं नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. लहान शाळांना त्याहून कमी, पण एक कडी, चार स्क्रू आणि सुताराची मजुरी त्यात सहज बसते. पैसा होता, अधिकार होता, मागणी होती. ती धरून ठेवणारं एक वाक्य मात्र कुणी लिहिलं नाही.

मी नोकरीत असताना आमच्या संस्थेच्या सभांची प्रोसिडिंगं लिहिली आहेत. चांगल्या ठरावात काय असावं हे प्रत्येक लिपिकाला ठाऊक असतं: विषय कुणी मांडला, काय ठरलं, कोण करणार, किती तारखेपर्यंत, खर्च कशातून, सूचक कोण, अनुमोदक कोण. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत दुसराच विषय "मागील ठरावांवरील कार्यवाही" हा हवा. एवढं असलं की झालेलं आणि राहिलेलं काम त्या पानावर कुणालाही दिसतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याही मागणीला वजन येतं. शिकलेला, गावात दबदबा असलेला माणूस आपलं म्हणणं तोंडी रेटून नेतो. त्या आईला कागदाचाच आधार आहे.

शाळाशाळांतली आणखी एक रीत आपल्या कानावर असेलच. सभेला कोरम भरला नाही, की रजिस्टर पोराच्या दप्तरातून घरी जातं. आई रानातून आल्यावर दिव्याखाली सही करते किंवा अंगठा उठवते. त्या वेळी पानावर मजकूर असतोच असं नाही. नंतर त्या सह्यांवर खरेदी मंजूर होते, आराखडा मंजूर होतो, उपयोगिता प्रमाणपत्र जातं. ऑडिटला सगळं व्यवस्थित दिसतं, कारण ऑडिट सह्या मोजतं. या प्रकाराला मी फसवणूक म्हणत नाही. महिन्याला सभा घ्या म्हणून वरून आदेश येतात आणि सभा घडवून आणायला माणूस नसतो, तेव्हा खाली असंच होतं.

आता मुख्याध्यापकांच्या बाजूनं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 150 च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. राज्यातल्या अनेक खेड्यांत आणि वाड्यावस्त्यांवर शाळा दोन शिक्षकी आहेत. त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक असतो आणि त्याला दोन किंवा तीन वर्ग शिकवायचे असतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नाही आणि शिपाईही नाही. यू-डायस प्लस या सरकारी शालेय नोंदणीची माहिती, आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन यंत्रणेवरचे व्यवहार, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं हे सगळं त्यांच्याच माथी. शिक्षकांची अशैक्षणिक कामं कोणती, याची यादी शासनानंच 2024 मध्ये काढली, म्हणजे दुखणं आपल्याला माहीत आहे. अशा माणसाला दर महिन्याला सोळा जणांची सभा बोलवा, विषयपत्रिका आधी वाटा, शब्दन् शब्द टिपा आणि त्याच सभेत स्वतःच्या कामाची झाडाझडतीही द्या, असं सांगणं अन्यायाचं आहे.

हायस्कुलांतही फार वेगळं चित्र राहिलेलं नाही. 2019 च्या आकृतिबंधानं, म्हणजे मंजूर पदांच्या नव्या आराखड्यानं, शिक्षकेतर पदांची फेरमांडणी झाली, डिसेंबर 2020 च्या निर्णयानं शिपायांच्या पदांऐवजी ठोक भत्ता आला. लिपिक निवृत्त झाला की त्याची जागा वर्षानुवर्षं तशीच. माझ्या टेबलावर आज कोण बसतं, हे मी विचारायचं सोडून दिलं आहे.

लेखनिक म्हणजे नुसता लिहून घेणारा, असा समज आहे. तो पुसला पाहिजे, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. समितीतले बहुतेक पालक पहिल्यांदाच कुठल्यातरी समितीवर आलेले असतात. मुदत दोन वर्षांची. नियम समजेपर्यंत वर्ष जातं, तोवर मूल पाचवीतून बाहेर पडतं आणि नवे सदस्य येतात. या येण्याजाण्यात समितीची आठवण ठेवणारा एक माणूस हवा. "अध्यक्षसाहेब, हा विषय आपल्या अधिकारात येत नाही, ग्रामपंचायतीकडे पाठवू." "या खरेदीला तीन दरपत्रकं लागतील, आपल्याकडे एकच आहे." "आराखडा वेळेत गेला नाही तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहणार नाही." "ज्यांच्या मेहुण्याचं दुकान आहे, त्यांनी या विषयापुरतं मतदान करू नये." ही वाक्यं सभेत कुणीतरी बोललीच पाहिजेत. मुख्याध्यापक बोलले तर पालकांना वाटतं, हे स्वतःची सुटका करून घेतायत. पालक बोलला तर शिक्षकांना वाटतं, हा राजकारण करतोय. ज्याचं यात काही देणंघेणं नाही, त्यानंच ते बोलायला हवं.

ही माझी कल्पना नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या गव्हर्निंग बॉडीला, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळाला, स्वतंत्र क्लार्क असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथल्या 2013 च्या नियमांनुसार स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीतल्या प्रत्येक शाळेच्या मंडळानं आपला क्लार्क नेमायचा असतो, आणि मंडळाचा सदस्य किंवा मुख्याध्यापक क्लार्क होऊ शकत नाही. ते नियमातच लिहिलं आहे. क्लार्क सभा बोलावतो, सदस्यांना सात पूर्ण दिवस आधी विषयपत्रिका पोचवतो, हजेरीची आणि रिक्त जागांची नोंदवही ठेवतो, इतिवृत्त तयार करतो. वर्षाला किमान तीन सभा होतात. गणपूर्तीला निम्मे सदस्य लागतात, आणि ती भरली की नाही हे क्लार्क पाहतो. मंडळाची कर्तव्यं आणि अधिकार काय आहेत, याबाबत त्याचा सल्ला मंडळानं विचारात घ्यायचा असतो. मंजूर झालेलं इतिवृत्त कुणालाही शाळेत जाऊन पाहता येतं. या कामाला कोणती कौशल्यं लागतात याची चौकट तिथल्या शिक्षण खात्यानं 2017 मध्ये प्रसिद्ध केली. पुढं 2020 पासून खात्याच्या मार्गदर्शनात या माणसाचा उल्लेख गव्हर्नन्स प्रोफेशनल असा होऊ लागला. गव्हर्नर म्हणून बसणारे सुमारे अडीच लाख लोक तिथं विनावेतन काम करतात, पण त्यांच्या क्लार्कला पगार मिळतो.

तिकडचं सगळं घ्यावं असं मी म्हणत नाही. 2010 च्या अकॅडमीज कायद्यानंतर तिथं हजारो शाळा मोठमोठ्या ट्रस्टांकडे गेल्या. अशा ट्रस्टमध्ये कायदेशीर अधिकार वरच्या विश्वस्तांकडे असतात आणि शाळेच्या पातळीवरची समिती ट्रस्ट देईल तेवढ्याच अधिकारांवर चालते. स्थानिक पालकांचा आवाज त्यात क्षीण झाला, अशी तक्रार तिथं आहे आणि मला ती रास्त वाटते. 2016 मध्ये तर अकॅडमी ट्रस्टांत निवडून आलेल्या पालक प्रतिनिधींची सक्तीच काढून टाकायचा प्रस्ताव तिथल्या सरकारनं आणला होता, तो त्यांना मागे घ्यावा लागला. या सगळ्या उलथापालथीत एक पद मात्र कुणी रद्द केलं नाही. शाळा कुणाच्याही ताब्यात गेली तरी मंडळाला त्याचा स्वतःचा क्लार्क लागतो, हे तिथं सगळ्यांनी धरून ठेवलं.

परदेशाचं उदाहरण नको असेल तर आपल्याच राज्यघटनेचा अनुच्छेद 187 पाहावा. राज्य विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल, असं तो सांगतो. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाचं दफ्तर सरकारच्या खात्यांकडे नसावं, हा त्यामागचा विचार. महापालिकेत कारभार आयुक्त पाहतात, पण सभेचं कामकाज नगरसचिवांकडे असतं. ग्रामपंचायतीत मात्र ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) अंमलबजावणीही करतो आणि इतिवृत्तही लिहितो, असा आक्षेप कुणी घेईल. तो खराच आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तावरून गावोगाव जी भांडणं होतात, ती आपल्याला माहीत आहेत. त्या पद्धतीची नक्कल शाळेत करायला नको.

हे आत्ताच का लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत समितीवरचं ओझं फार वाढलं. गणवेशाचं बघा. आधी समिती गणवेश खरेदी करायची. मग एक राज्य एक गणवेश आलं, 2024-25 मध्ये कापड वरून आलं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली, आणि मापं चुकल्याच्या, उशीर झाल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचे अधिकार पुन्हा समितीला दिले. निर्णय चांगला झाला, आम्ही सर्वांनी स्वागत केलं. पण अधिकार परत आले तसे दरपत्रकं, मापं, वाटपाची नोंद, बिलं आणि तक्रारीही परत आल्या, आणि त्या सांभाळणारा माणूस तोच, दोन वर्ग शिकवणारा.

मग एप्रिल 2025 मध्ये शाळास्तरावरच्या अनेक समित्या एकत्र करून चारच ठेवायचा निर्णय झाला. हाही निर्णय स्वागतार्हच. त्याआधी कागदावर इतक्या समित्या होत्या की एकच आई पाच समित्यांची सदस्य होती आणि तिला एकीचंही नाव सांगता येत नव्हतं. पण त्या समित्यांची कामं कमी झाली नाहीत. पोषण आहार, बांधकाम, तंबाखूमुक्त शाळा असे बरेच विषय आता शाळा व्यवस्थापन समितीच्याच पटलावर येतात. एका सभेत एवढे विषय हाताळायचे तर विषयपत्रिका नीट हवी, कागद आधी हातात हवेत आणि वेळेचं भान ठेवणारं कुणीतरी हवं.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर शाळाशाळांत सीसीटीव्ही लावायचे आदेश आले, मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची विचारणा झाली. कॅमेरे लागोत. पण एखाद्या पालकानं सभेत उठून शाळेतल्याच कुणाबद्दल काही सांगितलं, तर ते तसंच्या तसं, त्याच दिवशी, तारीख-वेळेसह नोंदलं जाईल याची आज काय हमी आहे? लिहिणारा त्याच शाळेचा प्रमुख आहे. तो कितीही सरळ असला तरी शाळेचं नाव, सहकारी, वरिष्ठांची नाराजी या सगळ्याचा दाब त्याच्या पेनावर असतो. मुलांच्या सुरक्षिततेचा विषय तरी या दाबाखालून बाहेर काढायलाच हवा.

सप्टेंबर 2023 मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे आली. उद्या चार वाड्यांची मिळून एक शाळा झाली तर तिच्या समितीत चार वाड्यांचे पालक बसतील. त्यांची सभा कुणी बोलवायची, गाडीची सोय नसलेल्या वाडीच्या पालकाचं म्हणणं कुणी टिपायचं, याचा विचार त्या योजनेत मला कुठे दिसला नाही.

आता खर्चाचं. आपल्या टिपणीवर पहिला शेरा वित्त विभागाचा येईल हे मला ठाऊक आहे. प्रत्येक शाळेला एक लिपिक मी मागतच नाही. राज्यात केंद्रप्रमुखांची 4,860 पदं आहेत, म्हणजे साधारण तेवढी केंद्रं, शेजारशेजारच्या शाळांचे गट. केंद्रामागे एक समिती लेखनिक द्यावा. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा धरल्या तर महिन्याला दहा-बारा सभा होतात. तयारी, सभा आणि इतिवृत्त धरून एका माणसाचं हे भरपूर पण झेपणारं काम आहे. पूर्ण पद नको असेल तर मानधनावर घ्या. निवृत्त लिपिक, निवृत्त ग्रामसेवक, बचत गटाचं दफ्तर वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या बायका अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. बचत गटाच्या सचिव बाईनं लिहिलेलं इतिवृत्त एकदा मागवून पाहा. कर्ज कुणी घेतलं, हप्ता कुणाचा थकला, कुणी काय म्हणालं, सगळं त्यात असतं, कारण पैसा त्यांचा स्वतःचा असतो.

पण एक अट पहिल्या दिवसापासून पक्की हवी. या लेखनिकाच्या गळ्यात दुसरं काम पडता कामा नये. आपल्याकडे कुठलंही नवं पद तयार झालं की गटशिक्षण कार्यालय त्याला ऑनलाइन माहिती भरायला बसवतं, हा आजवरचा अनुभव आहे. तसं झालं तर हे पद पहिल्याच वर्षी संपलं म्हणून समजा. दुसरं, त्या केंद्रातला शिक्षक किंवा त्याचा नातेवाईक लेखनिक नसावा. तिसरं, त्याचं काम कसं आहे हे समित्यांच्या पालक अध्यक्षांना वर्षातून एकदा विचारलं जावं आणि त्यांच्या शेऱ्यावर पुढची नेमणूक ठरावी. त्याचं मानधन पंचायत समितीतून निघालं तरी हिशेब त्यानं समितीला द्यायचा आहे, हे आदेशात लिहिलेलं असावं.

मुख्याध्यापकांवर अविश्वास, असा अर्थ शिक्षक संघटनांनी यातून काढू नये अशी माझी विनंती आहे. मुख्याध्यापक समितीत राहतीलच. शाळेचा अहवाल तेच मांडतील, अंमलबजावणी तेच करतील, खात्यावर अध्यक्षांबरोबर सही त्यांचीच असेल. उलट ज्या मुख्याध्यापकांनी समितीपुढे वारंवार मागणी ठेवूनही वरून काही आलं नाही, त्यांच्या बाजूनं उद्या हेच इतिवृत्त उभं राहील. वर्गाचं छत गळतंय हे सात सभांत नोंदलेलं असेल, तर छत पडल्यावर नोटीस कुणाला काढायची हे त्या पानांवरून ठरेल. चांगल्या मुख्याध्यापकाला नीट ठेवलेल्या दफ्तराची भीती नसते, त्याची त्याला मदतच होते. हायस्कूलमध्ये माझ्या साहेबांनी मला हे अनेकदा बोलून दाखवलं होतं.

सुरुवात लहान करा. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर, प्रत्येक विभागात एक तालुका घ्या. शक्यतो एक तरी आदिवासी भागातला आणि एक तरी ऊसतोडणीला माणसं जातात त्या पट्ट्यातला असावा, कारण तिथं सभा भरवणंच सर्वात अवघड आहे. वर्षभर लेखनिक द्या. मग त्या तालुक्यातली आणि शेजारच्या तालुक्यातली इतिवृत्तं मागवून समोरासमोर ठेवा. किती ठरावांत करणाऱ्याचं नाव आहे, किती ठरावांत तारीख आहे, आणि त्यातली किती कामं झाली, हे मोजा. सदस्य महिलांची नावं मजकुरात किती वेळा येतात, तेही मोजा. आज त्यांची नावं बहुतेक ठिकाणी फक्त सहीच्या रकान्यात असतात.

हे होईपर्यंत एक साधं परिपत्रक काढता येईल, त्याला वित्त विभागाची मान्यता लागत नाही. सभेचं इतिवृत्त आठ दिवसांत शाळेच्या फलकावर लावावं आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही. मजकूर नसलेल्या पानावर सही घेऊ नये, घेतल्यास ती सभा झाली असं धरू नये. मागील ठरावांवरील कार्यवाही हा विषय सक्तीचा करावा. आणि सभेची वेळ पालकांच्या मजुरीच्या वेळेबाहेर असावी. दुपारी तीनची सभा म्हणजे खुरपणीच्या हंगामात आईच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी, आणि हे सोसून ती येते तेव्हा तिचं म्हणणं लिहून घेतलं जाणं ही फार मोठी अपेक्षा नाही.

या पत्राची प्रत मी आमच्या समितीच्या अध्यक्षांना दिली आहे. त्या एका पाचवीतल्या मुलाच्या आई आहेत. आपलं उत्तर कृपया माझ्या नावे न पाठवता शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे पाठवावं. ते आवक नोंदवहीत घेऊन पुढच्या सभेत वाचून दाखवू आणि त्यावर काय ठरलं, ते आपल्याला लेखी कळवू.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा